नावेतली रेघ

मराठीच्या प्राध्यापकाबरोबर प्रवास करू नये, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. बाकीची मंडळी डोंगर पाहत असतात, तेव्हा हे गृहस्थ स्टेशनच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत असतात. मंडळी धबधब्याखाली भिजत असतात, तेव्हा हा शब्द नुसत्या आवाजावरून आला असावा की कसे, याचा विचार करीत हे काठावर कोरडेच उभे! म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईला घेऊन इंग्लंडला धाकट्या बहिणीकडे जायचे ठरले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मला विमानतळावर एकच गोष्ट बजावली, “सासूबाईंना इमारती दाखवा, शब्द दाखवू नका.”

ही आज्ञा मी पाळू शकलो नाही. पण त्या गोष्टीला मागचा थोडा संदर्भ आहे, तो आधी सांगायला हवा.

आमचे वडील जाऊन तीन वर्षे झाली. आईने दुःख फारसे बोलून दाखवले नाही. ती पहिल्यासारखीच पहाटे उठते, वर्तमानपत्र शब्दकोड्यासकट संपवते आणि भाजीवाल्याशी हुज्जत घालते. बदल झाला तो इतका हळूहळू, की आमच्या लक्षात यायलाच वर्ष गेले. आई मागे सरकू लागली होती. कुणाचे डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, मुंज असो, आई घरातून निघताना सर्वांच्या पुढे असायची आणि तिथे पोचल्यावर कुठल्या तरी कडेला जाऊन बसायची. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. आमच्या घरात असली बंधने कुणी पाळत नाही, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत असू. आता वाटते, बंधने पाळायला घरातल्यांची गरजच नसते. ज्याच्यावर ती असतात, तो एकटा ती पाळायला पुरेसा असतो.

मग चुलतभावाच्या मुलीचे लग्न आले. ही मुलगी शाळेची पाच वर्षे आमच्याकडे राहिलेली. तिच्या वेण्या घातल्या आईने, तिचे पाढे घेतले आईने, तिला गोवर आला तेव्हा रात्री जागवल्या त्याही आईने. हळदीच्या वेळी सवाष्णी पुढे झाल्या. मुलगी पाटावरून मान वळवून इकडेतिकडे पाहू लागली. “काकी-आजी कुठे आहे?” तिने विचारले. कार्यालयातल्या एका खांबाआडून आवाज आला, “मी इथेच आहे गं. चालू दे तुमचं.”

मी तिथेच उभा होतो. हातात अक्षतांचे तबक होते. त्याच आठवड्यात मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला जनाबाई शिकवली होती आणि मुले भारावून ऐकत होती. त्या क्षणी दोन पावले चालून आईचा हात धरून तिला पाटापर्यंत आणणे, एवढेच करायचे होते. त्याला ना व्यासंग लागत होता, ना एम.ए.ची पदवी. मी तबक या हातातून त्या हातात घेतले, एवढेच मला आठवते.

त्यानंतर काही महिन्यांनी बहिणीचा फोन आला. तिला दुसरा मुलगा झाला होता आणि बारसे आम्ही तिकडे गेल्यावर करायचे ठरले होते. “आई, बाळाला पाळण्यात तूच घालायचंस हं,” ती म्हणाली. आई म्हणाली, “छे गं, तिथली एखादी सवाष्ण बोलाव की. मी स्वयंपाकाचं बघेन.” पुढची दहा मिनिटे फोनवर जे झाले ते इथे लिहीत नाही. शेवटी बहीण माझ्यावर घसरली, “दादा, तू काही बोलत का नाहीस रे?” मी म्हणालो, “अगं, आवाज नीट येत नाहीये.” आवाज अगदी स्वच्छ येत होता.

असा हा न संपलेला वाद सामानात घालून आम्ही न्यूकॅसलला उतरलो.

न्यूकॅसलहून आगगाडीने पंधरा मिनिटांच्या आत डरहॅम येते. लिहिताना त्यात एक ठसठशीत हकार असतो आणि उच्चारताना तो गायब होतो. हे मी आईला गाडीत समजावून सांगत होतो, तोच गाडी डरहॅमजवळ आली आणि आई म्हणाली, “ते बघ आधी!” खाली वेअर नावाची नदी एका टेकडीला जवळजवळ पुरता वेढा घालून वाहत होती आणि टेकडीच्या माथ्यावर तीन मनोऱ्यांचे एक अवाढव्य देऊळ उभे होते. ते डरहॅमचे कॅथीड्रल. बहीण बाळंतीण, मेहुणे तिच्या मदतीला घरी. तेव्हा मी, आई आणि सहा वर्षांची भाची असे तिघेच निघालो होतो. आईच्या अंगावर नारायणपेठी, पायांत लेकीने आणलेले पळायचे बूट. भाचीने आजीचे ते ध्यान पाहून सकाळीच टाळ्या पिटल्या होत्या.

उत्तरेकडच्या दाराने आपण आत शिरतो. त्या दारावर सिंहासारख्या एका विक्राळ तोंडाची काशाची कडी आहे. मूळची कडी आता संग्रहालयात आहे, दारावर तिची प्रतिकृती. जुन्या काळी गुन्हा करून पळालेल्या माणसाने ही कडी गाठली, की त्याला सदतीस दिवस आत आसरा मिळे. तेवढ्या मुदतीत त्याने राजाशी समेट करायचा, नाहीतर देश सोडून जायचे. आईला हे फार आवडले. “म्हणजे देवाच्या दारी पोलीस नाही,” ती म्हणाली.

आत पाऊल टाकले आणि आम्ही तिघेही गप्प झालो. समोर दोन्ही बाजूंना प्रचंड दगडी खांबांच्या रांगा, त्यांच्या वर कमानींचा एक मजला, त्याच्यावर दुसरा, मग उजेड सोडणाऱ्या खिडक्या, आणि सर्वांवर दगडाचेच छत. ही लांबी डोळ्यांनी चालत जायची आणि पार पूर्वेच्या टोकाला असलेल्या रंगीत काचांच्या चक्राकार खिडकीपाशी जाऊन थांबायचे.

चर्चमधल्या या लांबलचक मधल्या भागाला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात. पश्चिमेच्या टोकापासून जिथे आडवी भुजा येऊन क्रूसाचा आकार होतो, तिथपर्यंतचा भाग. त्यापुढे गायकांची आणि धर्मगुरूंची जागा, आणि शेवटी वेदी. वेदी धर्मगुरूंची, नेव्ह मात्र लोकांचा. या ‘नेव्ह’चे मूळ लॅटिन ‘नाविस्’मध्ये आहे आणि ‘नाविस्’ म्हणजे जहाज. आपली संस्कृत ‘नौ’ आणि ही ‘नाविस्’ एकाच कुळातल्या बहिणी. म्हणजे पंढरपूरच्या चंद्रभागेत कोळी जी वल्हवतो ती नाव आणि डरहॅमला मी ज्यात उभा होतो तो नेव्ह, हे चुलत-मावस नातेवाईक निघाले! छत पालथ्या जहाजासारखे दिसते म्हणून हे नाव पडले असे काही जण सांगतात. भाविकांना संसाराच्या पुरातून पैलतीराला नेणारे तारू, या कल्पनेवरून ते आले असेही म्हणतात. मला दुसरे मत जवळचे वाटते, कारण भवसागर आणि नौका यांवर आपल्याकडचा कीर्तनकारही तासभर सहज बोलू शकतो.

एवढे सगळे मी आईला सांगितले. सौभाग्यवतींची क्षमा मागून सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे सभामंडपच ना?”

पंचवीस वर्षे शब्दकोश चाळणाऱ्या माणसाला असा सोपा शब्द सुचू नये! तिकडे ‘क्वायर’ आहे, वेदी आहे. आपल्याकडे अंतराळ आहे, गाभारा आहे. आणि जिथे चार माणसे जमतात, तो तिकडे नेव्ह, आपल्याकडे सभामंडप. फरक आहे तो एवढाच, की आपल्याकडे देवळाचे मन गाभाऱ्यात असते. गाभारा अंधारा, लहान, दोन माणसांचा; सभामंडप त्याच्यापुढे नंतर वाढत गेलेला. चर्चला मात्र सगळ्यांनी मिळून एकदम प्रार्थना करायची असते, म्हणून माणसे मावतील अशी जागा ही त्याची पहिली गरज. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, तेव्हा त्यांनी नमुना म्हणून रोमनांची देवळे घेतली नाहीत. जिथे कोर्टकचेऱ्या चालत, व्यापाऱ्यांचे सौदे होत, ती ‘बॅसिलिका’ नावाची सार्वजनिक दालने घेतली. मध्ये रुंद दालन, दोन बाजूंना खांब, खांबांपलीकडे अरुंद ओवऱ्या. नेव्हचा जन्म हा असा चारचौघांच्या गलक्यात झालेला आहे.

आणि तो गलका पुढेही पुरता गेला नाही. मध्ययुगात नेव्हमध्ये बाकेही बहुधा नसत. लोक उभे राहत, गुडघे टेकत, हिंडत. लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलचा नेव्ह तर सोळाव्या-सतराव्या शतकात शहराचा कट्टाच होता. वकील तिथे अशिलांना भेटत, बेकार माणसे नोकरी शोधत, आणि सगळ्या गावाच्या बातम्या तिथे फुकट मिळत. १६६६च्या आगीत ते देऊळ गेले. इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी रीत अशी, की वेदीकडच्या भागाची दुरुस्ती धर्मगुरूने पाहायची आणि नेव्हची दुरुस्ती गावकऱ्यांनी. म्हणजे छत गळू लागले, की ज्याच्या डोक्यावर गळते त्याने कौले शाकारायची! व्यवहार असा चोख.

आई तोवर एका खांबापाशी गेली होती. तिचे माहेर पंढरपूरचे. तिथे सोळखांबीत गरुडखांब आहे आणि दर्शनाला आलेला माणूस त्याला मिठी मारतो, हे वाचकांना ठाऊक असेलच. आईने हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि डरहॅमच्या त्या खांबाला मिठी घातली. मिठी कसली, भिंतीला हात टेकल्यासारखे झाले ते! या खांबांचा घेर साडेसहा मीटरांच्या आसपास आहे आणि त्यांची उंचीही जवळजवळ तेवढीच. मग एका बाजूने भाची आणि दुसऱ्या बाजूने मी असे हात लावून पाहिले, तरी आमची टोके एकमेकांना सापडेनात. “आपले गरुडखांब कितीतरी मावतील यात,” आई म्हणाली आणि मग दगडावरच्या खोदकामावरून बोट फिरवीत हसली. “बघितलंस का? शंकरपाळे!”

खरेच शंकरपाळे होते. एका खांबावर तिरप्या चौकटी, दुसऱ्यावर नागमोडी पट्टे, तिसऱ्यावर उभ्या पन्हळी. इतके बोजड दगड, पण त्यांवर कुणीतरी कातण्याने दिवाळीची लाटी कापावी तशी नक्षी! हे काम १०९३ साली सुरू झाले आणि ११३३पर्यंत नेव्हचे छतही पुरे झाले. चाळीस वर्षे. पाया घालताना जे गवंडी तरुण होते, त्यांच्यातल्या किती जणांनी ते छत पाहिले असेल, कोण जाणे.

त्या छताचीही मोठी मौज आहे. त्याआधी दगडी छत करायचे म्हणजे अर्ध्या पिंपासारखी जाड कमान करीत. तिचा सगळा भार दोन्ही भिंतींवर सलग पडे, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान. डरहॅमच्या कारागिरांनी छताला दगडाच्या बरगड्या दिल्या. बरगड्या एकमेकींना छेदत जातात, त्यांच्यामधली जागा भरून काढतात, आणि भार ठरावीक ठिकाणी, खांबांवर उतरतो. शिवाय आडव्या कमानी त्यांनी अर्धगोल न ठेवता टोकदार केल्या. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरते. टोकदार कमान मात्र कमी-जास्त रुंदीवरही हव्या त्या उंचीला नेता येते. पुढे शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये जी आकाशाला भिडणारी गॉथिक चर्चे उभी राहिली, त्यांची ही पूर्वतयारी. पोटात बरगड्या असलेले हे छत पाहिले, की जहाजाची आठवण होतेच.

अशा गप्पा चालल्या असताना एक बाई हसत जवळ आल्या. सत्तरीच्या घरातल्या, पांढऱ्या केसांच्या. कॅथीड्रल दाखवण्याचे काम त्या हौसेने करीत होत्या. बहुधा नारायणपेठी आणि पळायचे बूट यांचा संगम पाहून त्यांना राहवले नसावे. त्यांनी आम्हांला दक्षिणेच्या अंगाला असलेले खाणकामगारांचे स्मारक दाखवले. हा सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणींत मेलेल्यांसाठी हे स्मारक १९४७ साली उभारले. आता खाणी बंद झाल्या, तरी दर जुलैत कामगारांचा मोठा मेळावा भरतो आणि त्या दिवशी रंगीत निशाणे घेऊन, बँड वाजवीत लोक या नेव्हमधून चालत येतात. “माझे वडील खाणीत होते. मी त्यांच्या खांद्यावर बसून आले होते इथे,” बाई म्हणाल्या. मी मराठीत सांगितले. आई म्हणाली, “त्यांना सांग, आमची दिंडी अशीच असते.”

मग त्या आम्हांला पश्चिमेच्या टोकाकडे घेऊन गेल्या आणि जमिनीकडे बोट दाखवून थांबल्या.

फरशीत एक काळी रेघ होती. नेव्हच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडवी. जवळच्या फ्रॉस्टरली गावचा काळा दगड. त्याला संगमरवर म्हणतात, पण आहे तो चुनखडीचा, आणि वाकून पाहिले तर त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातली पोवळी पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. बाई सांगू लागल्या आणि मी भाषांतर करू लागलो. पण दुसऱ्याच वाक्याला माझी जीभ अडखळली.

इथे बेनेडिक्टाइन पंथाचे मठवासी राहत, १०८३पासून १५३९पर्यंत. त्या काळात बायकांनी या रेघेपुढे यायचे नाही, असा नियम होता. का, तर ज्यांची समाधी वेदीमागे आहे त्या संत कथबर्टना स्त्रियांचा विटाळ वाटे, अशी समजूत. १३३३ साली खुद्द तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा मठाच्या आवारात उतरली होती. तिला मध्यरात्री उठवून बाहेर जायला सांगितले, आणि ती बिचारी अंगावरच्या आतल्या कपड्यांनिशी किल्ल्यात निघून गेली, अशी हकीकत सांगतात. बाराव्या शतकात बायकांच्या प्रार्थनेसाठी म्हणून पार पश्चिमेला, म्हणजे वेदीपासून सर्वांत लांब, एक वेगळे दालन बांधले. ते सुंदर आहे. पण ते मागे आहे.

यातली गंमत पुढेच. कथबर्ट वारले ६८७ साली. बीड या जुन्या चरित्रकाराने त्यांचे जे चरित्र लिहिले, त्यात ते मठाधिपती स्त्रियांना भेटतात, त्यांच्याशी बोलतात, त्यांच्या पंगतीला बसतात. स्त्रियांचा विटाळ वगैरे त्यांच्या आयुष्यात नाही. तो त्यांना चिकटवला चारशे वर्षांनी. इथे आधी असलेल्या विवाहित पुजाऱ्यांना घालवून ब्रह्मचारी मठवासी आले, त्यांच्या सोयीसाठी ही गोष्ट रचली गेली असावी, असे अभ्यासक म्हणतात. संत बिचारा पेटीत निपचित पडलेला. त्याच्या नावावर कुणी काय खपवावे!

मी हे सगळे आईला सांगावे की नाही, अशा विचारात होतो. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. पंचेचाळीस वर्षे ती हे तोंड वाचते आहे. सांगणे भाग होते. मी सांगितले.

आईने खाली पाहिले. तिच्या बुटाचे टोक रेघेवर आले होते. तिने पाय मागे घेतला.

“मग आपण इथूनच बघू या,” ती म्हणाली.

“अगं आई, पाचशे वर्षं होत आली तो नियम जाऊन! मघाशी तर आपण पार तिकडे जाऊन आलो. खांबाला मिठी मारलीस तू.”

“मघाशी ठाऊक नव्हतं.”

“पण नियमच नाही आता.”

“नियम गेला असेल,” आई म्हणाली, “रेघ ठेवलीय ना?”

बाईंनी विचारले, आई काय म्हणाल्या? मी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या. मग आईकडे पाहून, जणू आईला इंग्रजी समजते अशा थाटात, सावकाश म्हणाल्या, “रेघ पुसून टाकली, तर आम्ही असं वागलो होतो हे मुलांना कोण सांगणार?” मग त्यांनी पुढचे सांगितले. १९९४ साली इंग्लंडच्या चर्चमध्ये बायका धर्मगुरू झाल्या. २०१५ साली पहिली स्त्री बिशप झाली. या कॅथीड्रलच्या गायकवृंदात मुली आल्या २००९ साली. “या रेघेवरून चालत जाऊन गातात रोज,” बाई म्हणाल्या.

मी भाषांतर केले. आई काही बोलली नाही. मला आमच्या पंढरपूरची आठवण होत होती. तिथेही महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे, दाराच्या बाहेर. त्यांना आत घेतले नाही, म्हणून ते बाहेर. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले आणि ते दार सर्वांना उघडले. समाधी मात्र आहे तिथेच आहे. तीही एक रेघच. वारकरी आत जाण्याआधी तिथे डोके टेकवतात. हे मी आईला म्हणणार होतो. वर्गात असतो तर तासभर बोललो असतो.

पण तेवढ्यात भाचीला ती रेघ दिसली. मुलांना जमिनीवर रेघ दिसली की दुसरे काही सुचत नाही. तिने एक पाय वर घेतला आणि लंगडी घालीत रेघेच्या पलीकडे उडी मारली. मग अलीकडे, मग पलीकडे. आणि मग एका पायावर उड्या मारीत सरळ नेव्हच्या मधोमध धावत सुटली.

“अगं पडशील! गुळगुळीत आहे ते!” आई ओरडली आणि नारायणपेठीचा पदर खोचून तिच्यामागे निघाली.

मी जागचा हललो नाही. दोन्ही बाजूंना त्या प्रचंड खांबांच्या रांगा, वर बरगड्यांचे छत, आणि मधून एक सहा वर्षांची पोर आणि तिच्यामागे सत्तरी ओलांडलेली माझी आई, पूर्वेकडे, उजेडाकडे. कितीतरी वेळ ती दोघे चालतच होती. इतक्या लांब दालनाचा उपयोग काय, हा प्रश्न मला त्यापूर्वी पडला होता. आता पडेना.

परत येताना गाडीत भाची आईच्या मांडीवर झोपली. मला फार मोह होत होता, की सांगावे, आई, तुझ्या लक्षात आलं का, तू रेघ ओलांडलीस! पण एकदा नको तिथे गप्प बसलेल्या माणसाने आता नको तिथे बोलू नये, अशा विचाराने मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कॅथीड्रल मागे पडू लागले.

“पोर काही पडत नव्हती हो,” आई एकदम म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काय? सहा वर्षांची पोर लंगडी घालताना पडते का कधी? मी आपली गेले.” आणि भाचीच्या केसांतून हात फिरवीत ती हळूच पुढे म्हणाली, “अशी उगाच कशी जाणार? काहीतरी निमित्त लागतं ना रे माणसाला.”

मला एकदम ते लग्नाचे कार्यालय आठवले आणि खांबाआडचा तो आवाज. तिलाही निमित्तच हवे होते. दोन पावले चालून जाऊन ते द्यायचे काम माझे होते.

बारसे रविवारी झाले. बाळाची आत्या होती नागपुरात. तिने तिथूनच फोनच्या पडद्यावर येऊन बाळाच्या कानात नाव सांगितले आणि तिथली कुकरची शिट्टीही त्याच कानात गेली. पाळणा हलवायला चार शेजारणी जमल्या होत्या, त्यांत दोन इंग्रज, एक केरळची. बाळाला पाळण्यात कोण घालणार, हा प्रश्न कुणी काढला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी आईपाशी गेलो आणि म्हणालो, “आई, बाळाची मान अजून धरत नाही. या बायकांना जमेल का? तूच ये बघू.” आईने माझ्याकडे एकदा नीट पाहिले. निमित्त तिने ओळखले होते. पण घेतले.

इंग्रज शेजारणीने मला विचारले, हा समारंभ कसला? मी म्हणालो, नाव ठेवण्याचा. आणि नाव म्हणजे जहाजही, हे सांगणार होतो, पण सौभाग्यवतींचे शब्द आठवले आणि तिथेच थांबलो.

या गोष्टीला आता वर्ष झाले. आईचे सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. आयुष्यभराची सवय एका प्रवासात जात नसते. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या मुलीची हळद होती. मांडवात शिरल्यावर माझी नजर आईला शोधू लागली. होती, खांबापाशीच होती. या वेळी माझ्या हातात तबक नव्हते आणि असते तरी मी ते कुणाकडे तरी दिले असते. मी जवळ गेलो आणि तिच्या कानाशी म्हणालो,

“आई, पोर पडेल हं.”

आई हसली. “तुझं आपलं काहीतरीच,” म्हणाली, आणि पदर खोचून पाटाकडे निघाली.